उभ्या गाडीचं इंजिन

"आधी हात धुऊन या, मग आत जा," नर्सबाई म्हणाल्या.

मी धुतले. दवाखान्यातला साबण गुलाबी वडीचा होता, त्याने काही निघालं नाही. सकाळपासून एका जीपचा गिअरबॉक्स उतरवत होतो. बायकोला दवाखान्यात नेलंय असं शेजारीण सांगत आली, तसाच निघालो होतो. अर्धी वडी संपली तरी पाणी काळंच येत होतं. शेवटी नळ बंद केला आणि हात शर्टाला पुसले.

डॉक्टर दारातच उभे होते.

"मिस्त्री, यांचं शेवटचं सलाईन कधी झालं?"

"गुरुवारी. मिरजेला. दर गुरुवारी जाते ती."

"ह्या गुरुवारी गेल्या होत्या?"

"स्वतः गाडी घेऊन गेली की. दुपारी आली परत."

त्यांनी हातातला रक्ताच्या तपासणीचा कागद बघितला, घडी घातली, पुन्हा उघडून बघितला. "रक्तावरून तसं वाटत नाही," असं काहीसं म्हणाले. मग कागद खिशात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर माणूस खांद्यावर हात कधी ठेवतो हे मला माहीत होतं. मंगळवार होता. घड्याळात पावणेबारा वाजले होते. मालन गेली होती, आणि मी तिला काळ्या हातांनीच शिवलो.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझं नाव भाऊसाहेब लोहार, पण तासगावात मला सगळे मिस्त्रीच म्हणतात. सांगली रस्त्याला माझं गॅरेज होतं. मालनला लग्नानंतर मीच गाडी चालवायला शिकवली. घरात एक जुनी पांढरी फियाट होती, ती तिचीच म्हणायची. माझ्यापेक्षा ती चांगली चालवायची. मी गाडी चालवताना इंजिन ऐकत बसतो, रस्ता बघत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

तिला आजार निघाला तो पावसाळ्याच्या तोंडावर. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने दर गुरुवारी सलाईनमधून औषध घ्यायचं, एकही गुरुवार चुकवायचा नाही. औषध वेळेवर गेलं तर बरी होईल, असंही म्हणाले. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. तेव्हा मी दोन दिवस गॅरेज बंद ठेवून फियाटचं इंजिन उघडलं होतं. रिंगा नव्या टाकल्या, हेड घासून घेतलं, सगळा कार्बन काढला. फक्त सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवली की इंजिन चालू करणारा स्टार्टर, तेवढा राहिला. तो कधी धरायचा, कधी नुसता कुरकुरायचा. "बघतो एक दिवस," म्हणालो. "तोवर थांबशील तिथं गाडी बंद करू नकोस. केलीस तर उतारावर लाव." सेल्फ बघायचं पुढे राहूनच गेलं.

तेराव्यानंतर मुलगी, शीतल, इचलकरंजीला परत जायला निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, आईची गाडी विकू नका. मला द्या."

"देतो. एकदा इंजिन बघतो, मग घेऊन जा."

"काय झालंय इंजिनाला?"

"काही नाही. तुझ्या हातात द्यायची म्हणून बघतो."

ती गेल्यावर, सेल्फचा भरवसा नव्हता म्हणून किल्लीच्या नादी न लागता, चार पोरांकडून गाडी ढकलून घेतली आणि चालू केली. सायलेन्सरमधून काळा धूर आला. वरून टकटक टकटक आवाज यायला लागला. टॅपेटला ऑइल पोचत नाही म्हणजे असा आवाज येतो. मला नवल वाटलं. पाच-सहा महिन्यांपूर्वी साफ केलेलं इंजिन, त्यात आठवड्याला सत्तर किलोमीटर मोकळ्या रस्त्यावरून पळालेली गाडी. अशी गाडी आतून स्वच्छ राहते. इंजिन नीट तापतं, ऑइलमधलं पाणी उडून जातं, कार्बन बाहेर पडतो. म्हणून तर मी एवढ्या दिवसांत तिचं ऑइल एकदाही बघितलं नव्हतं. पळणाऱ्या गाडीचं कशाला बघायचं?

ऑइलचं झाकण काढलं. आतल्या बाजूला दह्याच्या सायीसारखं पांढरट पिवळं काहीतरी चिकटलं होतं. बोटाने काढलं तर ओलं. टॅपेट कव्हर उघडलं. खाली काकवी ओतून थिजवल्यासारखा काळा गाळ. स्प्रिंगा त्यात बुडाल्या होत्या. प्लग काढले, चारही प्लग काजळीने भरलेले.

माझ्या शेजारी मकबूलभाईंची लेथ होती. इंजिनाची हेडं घासणारा माणूस, वयाने माझ्याएवढाच. मी त्यांना हाक मारली. ते हात पुसत आले, वाकून बघितलं आणि नाक मुरडलं.

"कुणा शेतकऱ्याची गाडी? ऑइलच्या जागी गूळ घातलाय वाटतं."

"आपलीच आहे."

"काय मस्करी करताय? ही भाभींची?" त्यांनी एक प्लग उचलला, उन्हात धरला, नखाने काजळी खरवडली. मग झाकणाखालची साय बघितली. झाकण बाकावर ठेवलं.

"बोला की."

"मिस्त्री, ही गाडी मिरजेला गेलेली नाही."

"तुम्हाला काय कळतंय? जा, लेथ फिरवा."

"चिडू नका. तीस वर्षं हेडं बघतोय. ही साय कधी धरते? दोन-चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीला. आणि ही काजळी? उभी गाडी चालू ठेवली तर. ही गाडी पळालेली नाही मिस्त्री. उभी राहून जळलीय."

"चोक ओढून चालवत असेल. सकाळी थंडी असते."

"मिरजेपर्यंत चोक ओढून? एवढी वेडी होती का भाभी?"

मी त्यांच्या हातातला प्लग काढून घेतला. ते जे म्हणत होते ते मला झाकण उघडल्याबरोबर दिसलं होतं. दुसऱ्याच्या गाडीत हे दिसलं असतं तर मालकाला मीच सांगितलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते.

घरी जाऊन कपाट उघडलं. मालनची फाईल साड्यांखाली होती. तोवर ती मी कधी हातात घेतली नव्हती. मला ते वाचवत नाही, एवढंच तिला सांगायचो. आत एक पिवळं कार्ड होतं, प्रत्येक सलाईनच्या तारखेपुढे मिरजेचा शिक्का. चार शिक्के होते. पाचव्या गुरुवारपासून पुढे सगळे चौकोन कोरे. तिच्या शेवटच्या गुरुवारापर्यंतचे मोजले तर सतरा निघाले.

सतरा गुरुवार ती सकाळी नऊला अंघोळ करून, डबा घेऊन, गाडी काढून जात होती. दुपारी दोन-अडीचला येत होती. मी विचारायचो, "झालं का?" ती म्हणायची, "झालं."

त्या रात्री मला मालनचा राग आला. ते लपवत नाही. कुठे जात होती? कुणाकडे? गेलेल्या बाईबद्दल असे विचार करायचे नसतात, पण केले.

दुसऱ्या दिवशी मकबूलभाई स्वतःच आले. चहा मागवला आणि म्हणाले, "चार-पाच तास एका जागी गाडी जळली असेल, तर मागं काहीतरी काळं झालं असणार. भिंत, झाड, काहीही. बघून या. नाहीतर तुमचं डोकं जळेल."

"बघून काय करू?"

"मला काय विचारता? पण तुम्ही बघितल्याशिवाय राहणार नाही, हे मला माहीत आहे."

पुढचा गुरुवार आला. मी स्कूटर काढली. मिरजेच्या रस्त्याला लागलो आणि हळूहळू जात दोन्ही बाजू बघत राहिलो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची लांबलचक भिंत, स्वच्छ. पेट्रोल पंपामागची भिंत, स्वच्छ. चार किलोमीटरवर फाटा लागतो. तिथे एसटीसाठी बांधलेली एक शेड आहे. तिला निवडणुकीच्या आधी कुणीतरी चुना मारला होता. शेडच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक काळा गोल होता. ताटाएवढा. मध्ये दाट, कडेला विरळ.

मी खाली बसलो. हात लावला. काजळी तळव्याला आली. उंची बरोबर फियाटच्या सायलेन्सरची होती.

मग मला दिसलं, की भिंत शेडच्या मिरजेकडच्या अंगाला आहे. सायलेन्सर भिंतीकडे असेल, तर गाडीची पाठ तासगावकडे आणि तोंड मिरजेकडे. म्हणजे जायला निघाल्यासारखी उभी. ती इथपर्यंत यायची, मिरजेकडे तोंड करायची, इंजिन चालू ठेवायची, आणि जायची नाही.

फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथली तानूबाई म्हणजे साठीची, खणखणीत आवाजाची बाई. तिने मला बघितलं आणि स्टोव्हवर पातेलं ठेवलं.

"या मिस्त्री. आज स्कूटरवर? आन् बाई कुठं हाईत?"

मी तिला ओळखत नव्हतो. त्या रस्त्याने मी कधी थांबलो नव्हतो.

"तुम्ही मला ओळखता?"

"आता काय म्हनावं! दर गुरवारी हितं बसायचं आन् वर इचारायचं, ओळखता काय. दोन-तीन आटवडं आला न्हाईत. म्हटलं गावाला गेलं असतील."

"मी नव्हतो," मी म्हणालो. "ती एकटी यायची."

"येकटी कशी? तुमीच की शेजारच्या सीटवर. खाकी शर्ट."

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मालनची एक सवय होती. एकटी बाई गाडीत थांबलेली दिसली की लोक काच ठोठावतात, काय पाहिजे, कुणाची वाट बघता. म्हणून गाडी उभी करायची असली की ती माझा एखादा जुना खाकी शर्ट शेजारच्या सीटच्या पाठीला घालून ठेवायची, बटणं लावून. लांबून माणूस बसल्यासारखा दिसायचा. तिच्या मैत्रिणीही तसंच करायच्या. मी तानूबाईला हे सांगितलं.

ती हसायला लागली. पदराने तोंड पुसलं.

"शर्ट च्या पितो व्हय वो मिस्त्री?"

"म्हणजे?"

"दोन कप न्हेऊन द्याची मी. सायबाला बिनसाखरेचा, बाई सांगायच्या. दोनी कप रिकामं यायचं."

मी चहा बिनसाखरेचाच पितो. हे मालन सांगणार, यात काही नवल नाही. दुसरा कप तिने ओतून दिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तानूबाई पुढे बोलतच होती. तिला वाटत होतं, मी गंमत करतोय.

"बोलायचा न्हाईत तेवढं खरं. मान खाली घालून बसायचा, इंजनाचा आवाज ऐकल्यावानी. बाईच बोलायच्या. येकदा मी इचारलं, वो ताई, दर गुरवारी हितंच का थांबता? म्हनल्या, मिरजंला जायाचंय. मिस्त्री फाट्यावर गाठतो म्हनालेत, त्येंची वाट बगतीया. मला हसू आलं. नवरा बाजूला बसलाय आन् म्हनती वाट बगतीया! म्हटलं, भांडन झालं असंल."

मी बाकावर बसलो.

आता सांगतो. पाचव्या गुरुवारी सकाळी मालन दारात उभी होती. पहिली चार सलाईनं तिने एकटीने घेतली होती. त्या औषधाने तिला परत येताना रस्त्यात उलट्या व्हायच्या, गाडी बाजूला घेऊन बसायला लागायचं, हे मला नंतर फाईलमधल्या तिच्या अक्षरातल्या नोंदींवरून कळलं. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, आज तुम्ही या ना बरोबर. मला भीती वाटते."

माझ्या हातात एका टेम्पोचं हेड होतं. मी मान वर न करता म्हणालो, "तू हो पुढं. एवढं हेड बसवलं की स्कूटर घेऊन आलोच. फाट्यावर गाठतो."

हेड बसवलं, मग दुसरं काम आलं. फाटा माझ्या डोक्यातून गेला. दुपारी ती आली तेव्हा आठवलं. "जमलं नाही गं," म्हणालो. "झालं का?" ती म्हणाली, "झालं." पुढच्या गुरुवारी ती पुन्हा दारात थांबली. मी पुन्हा तेच म्हणालो. मग ते आमचं ठरूनच गेलं. दर गुरुवारी मी म्हणायचो, "तू हो पुढं, गाठतो." सतरा वेळा म्हणालो असेन. मला वाटायचं, ती समजून आहे. एवढ्या वर्षांचा संसार, नवऱ्याचं बोलणं आणि येणं यातला फरक बाईला कळतो, असं मला वाटायचं.

"फोन करायची का ती?" मी तानूबाईला विचारलं.

"हातात धरून बसायच्या. केल्याला काय दिसला न्हाई. आवो पर तुमी असं का इचारताय? तुमी व्हताच की तितं."

तिने चहा दिला, बिनसाखरेचा.

"शेवटच्या टायमाला तर तुमी गाडीखाली शिरला व्हता," ती म्हणाली. "हितं, हितं पोतं टाकून. अर्धा घंटा काय ठोकाठोकी केलीत. मग बाईंनी गाडी बंद केली. मी म्हटलं, आत्ता गं बया, हे इंजान बंद बी व्हतंय! मग किल्ली फिरवली आन् पैल्या झटक्यात चालू. बाई हसल्या. मी तेवडं येकदाच त्यास्नी हसताना बगितलं."

"तो माणूस माझ्यासारखा होता?"

तिने माझ्याकडे बघितलं. आता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिने माझे हात बघितले, मग तोंड, मग पुन्हा हात.

"मिस्त्री, बाई कुठं हाईत?" तिने हळू आवाजात विचारलं.

मी सांगितलं. तिने स्टोव्ह बंद केला. मग टपरीच्या आत जाऊन बसली.

गॅरेजवर आलो. सरळ फियाटखाली शिरलो आणि सेल्फ उतरवला. तो मी त्या गाडीला लावल्यापासून एकदाही खोलला नव्हता. बाकावर घेऊन मागची पट्टी काढली. आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असतात, ते नवे होते. कडा अजून धारदार, आठवडाभरसुद्धा न चाललेले. बुश नवं. वायरीचं टोक दोऱ्याने गुंडाळून गाठ मारलेली होती, डाव्या बाजूने, दोन फेरे उलटे. ही गाठ मी मारतो. माझ्या वडिलांनी शिकवली होती. तासगावात दुसरं कुणी तशी मारत नाही.

मकबूलभाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी हातात घेतला नाही. लांबूनच बघितलं.

"दुसऱ्या कुणा मिस्त्रीकडून केलं असेल भाभींनी," ते म्हणाले.

"ही गाठ?"

"तुम्हीच केलं असेल कधीतरी. विसरला असाल. माणूस विसरतो."

"मी केलं असतं तर ती सतरा गुरुवार गाडी चालू ठेवून बसली असती का?"

ते बाकापासून एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "मिस्त्री, हे बंद करून ठेवा. मी हेड घासून देतो, तुम्ही बसवा आणि गाडी पोरीला देऊन टाका. जास्त खोलात जाऊ नका."

गावातल्या सगळ्या गॅरेजांत विचारून आलो. ऑटो इलेक्ट्रिकवाल्या दोघांनाही विचारलं. फियाटचा सेल्फ कुणी खोलला नव्हता. मिरजेला गेलो, तिथेही विचारलं. त्यानंतर दोन-तीन गुरुवार फाट्यावर जाऊन उभा राहिलो. तानूबाई मला बघून टपरीचं फळकूट लावून घ्यायची. म्हणून जाणं सोडलं.

हेड मकबूलभाईंनी घासून दिलं. मी ते अॅल्युमिनियमचं म्हणून बांबूच्या कामटीने हळूहळू खरवडून, रॉकेलने धुऊन, चकचकीत केलं. पिस्टनवरचा कार्बन काढला. व्हॉल्व्ह साफ केले. एवढं सगळं महिन्याभरात झालं. खालचं ऑइल पॅन तेवढं राहिलं. सतरा गुरुवारांचा गाळ त्यात उतरून बसलेला आहे. तो काढला की गाडी साफ झाली. शीतल दर दिवाळीला विचारते, "बाबा, झाली का गाडी?" मी म्हणतो, "होत आली."

हेड फडक्यात गुंडाळून बाकाखाली आहे. ऑइल पॅन अजून उघडलेलं नाही. शीतलला काही सांगितलेलं नाही.